भट्टीशेजारून जाणारी तार आणि चूक सुधारणारा कोड: रचना कशी ठरवावी?

शिरोली नाका (धागालेखक):

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत लोखंडाच्या रसाचे तापमान भट्टीजवळ मोजून ते साचे भरण्याच्या जागी मोठ्या आकड्यांत दाखवणारी यंत्रणा मी बसवली आहे. भट्टीवरचा कामगार थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) लावलेली लान्स (लांब दांडी) रसात बुडवतो, काही सेकंदांत आकडा स्थिरावतो आणि तो आरएस-४८५ या औद्योगिक संदेशवहन पद्धतीच्या दोन तारांवरून सुमारे १८० मीटर दूरच्या फलकावर जातो. वेग सेकंदाला ९,६०० बिटे (० किंवा १ हे अंक) आहे. शेजारची दुसरी इंडक्शन भट्टी पूर्ण शक्तीवर असली की तारेवर गोंधळ होणार हे गृहीत धरूनच मी पहिल्या दिवसापासून हॅमिंगचा सात-चारचा कोड वापरला होता. त्यात माहितीच्या चार बिटांना तीन पॅरिटी बिटांची (ठरावीक जागांवरील १ ची संख्या सम राखणाऱ्या बिटांची) जोड मिळते आणि सातांपैकी कोणतेही एक बिट उलटले तरी ते सुधारता येते.

गेल्या महिन्यात रात्रपाळीत फलकावर १३५४ हा आकडा आला. प्रत्यक्षात रस १४५० अंशांवर होता. पर्यवेक्षकांनी रस थंड पडला असे समजून शक्ती वाढवायला सांगितली. सुदैवाने कामगाराने लगेच दुसऱ्यांदा लान्स बुडवली आणि खरा आकडा कळला. नुकसान झाले नाही, पण मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसल्यावर जे दिसले ते येथे मांडतो.

१४५० ही संख्या सोळा बिटांत ०००० ०१०१ १०१० १०१० अशी लिहिली जाते. तिसऱ्या चौकडीचा, म्हणजे १०१० चा, कोडशब्द (माहिती ३, ५, ६, ७ या जागांवर आणि पॅरिटी १, २, ४ वर) १०११०१० असा होतो. तारेवर त्याचे पाचवे आणि सहावे ही दोन लगतची बिटे उलटली आणि फलकाला १०१११०० मिळाले. हॅमिंगच्या तीन तपासण्यांपैकी पहिली १, ३, ५, ७ या जागा पाहते, दुसरी २, ३, ६, ७ पाहते आणि तिसरी ४, ५, ६, ७ पाहते. येथे पहिल्या दोन तपासण्या फसल्या आणि तिसरी जुळली, त्यामुळे दोष १ + २ (फसलेल्या तपासण्यांच्या पहिल्या जागांची बेरीज) म्हणजे तिसऱ्या जागेवर आहे असा निष्कर्ष निघाला. फलकाने बरोबर असलेले तिसरे बिट उलटवले, कोडशब्द १००११०० झाला आणि त्यातून ०१०० ही चौकडी बाहेर पडली. ०००० ०१०१ ०१०० १०१० म्हणजे १३५४. दोन बिटांची चूक होती, माझ्या कोडने ती तीन बिटांची केली आणि वर ती सुधारली असल्याची ग्वाही दिली. हीच चूक दुसऱ्या चौकडीत झाली असती तर फलकावर २९८६ आले असते आणि त्यावर कोणीही विश्वास ठेवला नसता. १३५४ वर मात्र विश्वास बसतो.

त्यानंतर तीन रात्री ऑसिलोस्कोप घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. भट्टीच्या वीजपुरवठ्यातील रेक्टिफायरमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या भागात) सहा थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत, त्यामुळे ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला ३०० वेळा, म्हणजे दर ३.३३ मिलिसेकंदांनी, तारेवर एक झटका उमटतो. प्रत्येक झटका सुमारे २०० मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे माझी दोन बिटे खाऊन टाकतो.

आता बदल असा केला आहे. प्रत्येक कोडशब्दाला एकूण पॅरिटीचे आठवे बिट जोडले, म्हणजे दोन चुका झाल्यास निदान त्या ओळखता येतील. असे आठ कोडशब्द एकाखाली एक मांडून ते उभ्या रांगांनी पाठवतो. लगतची दोन बिटे त्यामुळे वेगवेगळ्या कोडशब्दांत पडतात आणि प्रत्येकात एकच चूक उरते. माहितीच्या बत्तीस बिटांत सोळा तापमानाची, चार भट्टीच्या क्रमांकाची, चार संदेशक्रमांकाची आणि आठ सीआरसीची (संदेश बिघडला का हे पडताळणाऱ्या आकड्याची) आहेत. घरी टेबलावर यादृच्छिक झटके देऊन पाहिले तेव्हा यंत्रणा उत्तम चालली. फौंड्रीत भट्टी सुरू होताच मात्र जवळजवळ प्रत्येक संदेश नाकारला जातो. कारण सापडत नाही.

उद्यमनगरी:

कोडच्या आधी केबल पाहावी असे मला वाटते. आपली तार भट्टीच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून जाते का? जात असेल तर तिला वेगळा मार्ग द्या आणि जेथे ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडा. पीळ दिलेली जोडी हवी, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन (टोकाचा रोध) हवे आणि शील्डचे (तारेवरच्या धातूच्या आवरणाचे) अर्थिंग एकाच टोकाला हवे. दोन्ही टोकांना अर्थिंग केले आणि दोन शेडच्या अर्थमध्ये फरक असला, तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो आणि संरक्षणासाठी घातलेली वस्तू गोंधळाचे कारण ठरते. उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावात गेली अनेक वर्षे हीच कामे करतो आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो की निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

शिरोली नाका:

आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. पीळ आणि टर्मिनेशन आधीपासून होते. शील्ड दोन्ही टोकांना जोडलेली होती. ती आपल्या सूचनेनुसार काल फलकाच्या बाजूने सोडवली आणि झटक्यांची उंची डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. तरीही ते बिट उलटवण्याइतके मोठे आहेत. केबलचा मार्ग बदलायचा तर उत्पादन थांबवावे लागेल आणि मालकांनी त्यासाठी दिवाळीची सुट्टी सुचवली आहे. तोवर आहे त्या तारेवरच काम भागवावे लागेल.

समांतर:

धागालेखकांच्या कोड्याचे उत्तर त्यांनी स्वतः दिलेल्या आकड्यांतच आहे. सेकंदाला ९,६०० बिटे आणि सेकंदाला ३०० झटके, म्हणजे दोन झटक्यांत बरोबर ३२ बिटांचे अंतर आहे. आठ कोडशब्द उभ्या रांगांनी पाठवले तर तारेवरचे प्रत्येक आठवे बिट त्याच कोडशब्दाचे असते. ३२ ला ८ ने निःशेष भाग जातो. म्हणून पहिल्या झटक्याने ज्या दोन कोडशब्दांना इजा केली, नेमक्या त्याच दोघांवर दुसरा झटका पुन्हा येऊन आदळतो. आपला संदेश ६४ बिटांचा असल्याने त्यात दोन झटके ठरलेलेच, आणि त्यामुळे प्रत्येक वेळी दोन कोडशब्दांत दोन-दोन चुका होतात. आठवे पॅरिटी बिट त्या ओळखते आणि संदेश नाकारते. टेबलावरचे झटके यादृच्छिक होते, त्यांना ही ३२ ची लय नव्हती, म्हणून तेथे सर्व सुरळीत चालले.

आठाऐवजी सात कोडशब्द घ्या. ३२ ला ७ ने भागल्यास बाकी ४ उरते. पहिला झटका एखाद्या कोडशब्दावर आणि त्याच्या पुढच्यावर पडला, तर दुसरा त्यापासून चौथ्या आणि पाचव्या कोडशब्दावर पडेल. चारही वेगळे आहेत आणि प्रत्येकात एकच चूक आहे, त्यामुळे सर्व सुधारतील. झटका तीन बिटांएवढा रुंदावला तरी सहा वेगळ्या कोडशब्दांत एकेकच चूक राहते. चार बिटांएवढा झाला की एका कोडशब्दात दोन चुका येतात आणि तेथे आपली मर्यादा संपते. संदेश ५६ बिटांचा होईल आणि माहितीची २८ बिटे मिळतील. संदेशक्रमांकाची चार बिटे सोडून दिली की बाकी सगळे त्यात बसते.

मी येथील एका महाविद्यालयात बरीच वर्षे बीजगणित शिकवले आहे. भागाकाराची बाकी एखाद्या भट्टीत इतकी थेट कामाला येते, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

तिसरी पाळी:

सगळे समजले, पण एक मूलभूत प्रश्न विचारतो. सुधारणा करण्याचा हा खटाटोप हवाच का? संदेशाला फक्त सीआरसी लावावा, चुकला तर फेकून द्यावा आणि पुन्हा पाठवावा. तारेचे बंधन नसेल तर वेग सेकंदाला १,१५,२०० बिटे करावा. त्या वेगाने ६४ बिटांचा संदेश ०.५६ मिलिसेकंदात संपतो आणि दोन झटक्यांमधली शांत जागा तीन मिलिसेकंदांहून अधिक आहे. एकच संदेश १.२ मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा पाठवला, तर पहिल्या प्रतीच्या आरंभापासून तिसरीच्या शेवटापर्यंत २.९६ मिलिसेकंद लागतात. दोन लागोपाठचे झटके मिळूनही त्यांतील एकाहून अधिक प्रत बिघडवू शकत नाहीत. किमान दोन प्रती धडधाकट पोहोचतील. १८० मीटरच्या चांगल्या जोडीवर हा वेग सहज चालतो.

दुसरा प्रश्न असा की आरंभ ओळखण्यासाठी आपण जो समक्रमण शब्द पाठवता, तोच झटक्यात सापडला तर पुढची ५६ बिटे कितीही सुरक्षित असली तरी वाचणार कोण?

शिरोली नाका:

समांतर सर, आपले उत्तर वाचून मी त्याच रात्री सात कोडशब्दांची मांडणी चढवली. भट्टी पूर्ण शक्तीवर असताना पाठवलेले संदेश फलकावर बरोबर उमटू लागले. ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो ती प्रोग्रॅममध्ये नव्हतीच.

तिसरी पाळी, आपला पहिला प्रश्न मी टाळू इच्छित नाही. ९,६०० च्या वेगावर नुसते पुन्हा पाठवून उपयोग नाही, कारण समक्रमणासह एक संदेश साडेसात मिलिसेकंदांचा होतो आणि इतक्या वेळात दोन झटके येतातच. दहा वेळा पाठवला तरी दहाही वेळा बिघडेल. १,१५,२०० च्या वेगाचा आपला हिशेब मात्र बिनचूक आहे. अडचण एवढीच की बसवलेल्या दोन फलकांत मी स्वस्त, मंद ऑप्टोकप्लर (प्रकाशाद्वारे संकेत पुढे देऊन विद्युत अलगता राखणारे भाग) वापरले आहेत आणि ते त्या वेगाला पुरे पडत नाहीत. पुढच्या फलकांत वेगवान आयसोलेटर घालून आपलीच पद्धत वापरेन. या दोन फलकांना ९,६०० वरच जगवायचे आहे.

समक्रमणासाठी सोळा बिटांचा शब्द आहे आणि तो तंतोतंत जुळण्याची अट मी घातलेली नाही. सोळा बिटांत एकाहून अधिक झटके येण्याचा प्रश्नच नाही, फार तर एक येऊ शकतो आणि तो दोन बिटे बिघडवतो. म्हणून सोळांपैकी चौदा जुळली तरी शब्द ओळखला असे धरतो. खोटी ओळख झालीच तर पुढचा सीआरसी ती अडवतो. एकदा आरंभ सापडला की फलक स्वतःच्या क्रिस्टलच्या घड्याळावर बिटे वाचतो. प्रत्येक बाइटला स्टार्ट आणि स्टॉप बिट लावलेले नाही, त्यामुळे ३२ चा हिशेब मोडत नाही.

बंधाऱ्याकाठी:

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रेडिओने गावात पोहोचवण्याचा प्रकल्प आमच्या गटाने घेतला आहे. हा धागा वाचून मी सहज आमचे आकडे तपासले आणि थबकले. बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. ३९ म्हणजे १००१११ आणि ४३ म्हणजे १०१०११. दोन लगतची बिटे उलटली की इशाऱ्याचा धोका होतो किंवा धोक्याचा इशारा होतो, आणि आम्ही लावलेल्या एका पॅरिटी बिटाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दोन चुका मिळून पॅरिटी तीच राहते. आम्हीही हॅमिंग आणि सात ओळींची मांडणी घ्यावी का?

समांतर:

आपण तपासून पाहिलेत हे फार चांगले केलेत. पण येथील सात ही संख्या उचलू नका. ती फक्त या भट्टीच्या ३०० झटक्यांसाठी आणि ९,६०० च्या वेगासाठी योग्य आहे. आपल्या वाहिनीत चुका कशा येतात हे आधी नोंदवा. आपण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात लोरा (लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) वापरत असाल, तर त्याच्या आत हॅमिंगच्या जातीचा कोड आणि तिरपी फेरमांडणी आधीच असते. त्यातील चार-पंचमांश आणि चार-षष्ठांश हे दर (एकूण बिटांतील माहितीचा वाटा) चूक फक्त ओळखतात. चार-सप्तमांश आणि चार-अष्टमांश हे दर ती सुधारतातही. तेथे बहुधा बिटे उलटण्यापेक्षा आख्खे संदेश हरवण्याचा त्रास अधिक होईल. प्रत्येक संदेशात सीआरसी ठेवा आणि मागच्या तीन-चार नोंदीही सोबत पाठवा, म्हणजे मधला संदेश गेला तरी नोंद जात नाही.

आता धागालेखकांसाठी थोडे अधिक लिहितो, कारण सात ओळींच्या उपायाबद्दल मला पूर्ण समाधान नाही. तो ३२ या अंतरावर टेकलेला आहे. उद्या मालकांनी बारा पल्सच्या (सेकंदाला ६०० झटके देणाऱ्या) रेक्टिफायरची भट्टी आणली तर झटके १६ बिटांवर येतील, एका संदेशात तीन-चार पडतील आणि चार पडले की ही मांडणी कोसळेल.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले की कोणत्याही गोंगाटाच्या वाहिनीवर, तिच्या क्षमतेच्या आतील दराने, हवी तितकी कमी चूक ठेवणारे कोड अस्तित्वात आहेत. ते कसे बांधावेत हे मात्र त्या सिद्धतेतून मिळत नव्हते. रिचर्ड हॅमिंग यांचा कोड १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. बेल प्रयोगशाळेतील रिलेच्या संगणकावर त्यांची कामे शनिवार-रविवारी माणसांविना चालत आणि यंत्राला चूक आढळली की काम तेथेच सोडून दिले जाई. यंत्राला चूक आहे एवढे कळते तर ती कोठे आहे हे का कळू नये, या त्राग्यातून तो कोड जन्मला. पुढे अनेक चुका सुधारणारे कोड १९५९ मध्ये ओकेंगेम यांनी आणि स्वतंत्रपणे १९६० मध्ये राज चंद्र बोस व रायचौधुरी यांनी दिले. हे बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून अमेरिकेत गेलेले. त्यांनी, आपल्या शरच्चंद्र श्रीखंडे यांनी आणि पार्कर यांनी मिळून १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचे (प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक चिन्ह एकदाच येणाऱ्या मांडण्यांविषयीचे) गणितज्ञ ऑयलरचे अनुमान खोटे ठरवले होते. श्रीखंडे सरांनी पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे अध्यापन केले. त्या चौरसांचे आणि कोडांचे बीजगणित एकाच घरातले आहे, म्हणून हा उल्लेख केल्यावाचून राहवले नाही.

१९६० मध्येच रीड आणि सॉलोमन यांचा कोड आला. तो बिटांऐवजी बिटांच्या गटांना एकेक अक्षर मानतो. एका अक्षरातील एक बिट बिघडले काय किंवा चारही बिघडली काय, त्याच्या दृष्टीने ती एकच चूक असते, आणि म्हणून झुंडीने येणाऱ्या चुकांपुढे तो टिकतो. महाद्वार रोडवरच्या प्रत्येक दुकानात चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये हाच आहे. त्याच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळते.

आपल्यासाठी चार बिटांची अक्षरे घ्या आणि पंधरा-सातचा कोड वापरा. माहितीची सात अक्षरे म्हणजे तीच २८ बिटे, जोडीला आठ अक्षरांची सुरक्षा, एकूण ६० बिटे. आताच्या ५६ पेक्षा फक्त चार अधिक. हा कोड कोणतीही चार अक्षरे सुधारतो. दोन बिटांचा झटका फार तर दोन अक्षरांवर पसरतो, दोन झटके मिळून चार. झटका पाच बिटांएवढा रुंद झाला तरी तो दोनच अक्षरांना स्पर्श करतो. ३२ च्या लयीवर काहीही अवलंबून राहत नाही. बारा पल्सच्या भट्टीतही, झटके अक्षरांच्या सीमेवर पडले नाहीत, तर चार झटक्यांपर्यंत निभावेल. सीमेवर पडल्यास मात्र पुरणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

उद्यमनगरी:

समांतर सर, हे सारे गणित आठ बिटांच्या साध्या मायक्रोकंट्रोलरला झेपेल का? फलकात त्याहून मोठे काही नसणार.

शिरोली नाका:

झेपते, कारण मी काल करून पाहिले. सोळा घटकांच्या क्षेत्रातील (चार बिटांच्या सोळा अक्षरांपुरत्या गणितातील) गुणाकारासाठी लॉग आणि प्रतिलॉगचे दोन छोटे तक्ते पुरतात, दोन्ही मिळून बत्तीस बाइटही भरत नाहीत. सगळ्यांत जास्त वेळ चुकांच्या जागा शोधण्यात जातो, पण पंधराच जागा असल्याने प्रत्येक जागा एकामागून एक तपासली तरी पुढचा संदेश येण्याआधी काम संपते. टेबलावर मी या वेळी झटके यादृच्छिक दिले नाहीत. फौंड्रीत नोंदवलेली ऑसिलोस्कोपची लाट जशीच्या तशी तारेवर सोडली, प्रत्येक वेळी आरंभ एकेक बिट पुढे सरकवत बत्तीसही स्थानांवरून संदेश पाठवला आणि सर्व स्थानांवर १४५० हाच आकडा मिळाला.

सीआरसीची आठ बिटे मी कायम ठेवली आहेत. चारहून अधिक अक्षरे बिघडली तर हा कोडसुद्धा कधी कधी दुसऱ्याच एखाद्या कोडशब्दाला जवळचा समजून तिकडे वळतो, आणि १३५४ ची रात्र मला पुन्हा नको आहे. सुधारणा झाल्यावर सीआरसी जुळला तरच आकडा दाखवायचा. जुळला नाही तर मागचा आकडा तसाच ठेवावा अशी पर्यवेक्षकांची सूचना होती, पण जुना आकडा नव्या रसाचा समजला जाईल म्हणून मी ती मानली नाही. भट्टीवरच्या कामगाराशी बोललो. तो म्हणाला की फलकावर चार आडव्या रेघा आल्या तर तो लान्स पुन्हा बुडवेल. उद्या रात्रपाळीला तसाच प्रोग्रॅम चढवतो आहे.